जुनी डिस्क

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नव्या कोऱ्या गाडीचा आरसा पार्किंगमध्ये कोणीतरी तोडला, आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधल्या हार्ड डिस्कला शेवटची घरघर लागली होती. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने नवी डिस्क बसवली, जुनी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, हिच्यातलं आता काही म्हणता काही निघणार नाही."

"हे बाहेर बोलायचं नाही," सेक्रेटरींनी त्याला दम भरला आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "जुनं रेकॉर्डिंग सगळं परत मिळालं आहे. रविवारी सर्वांसमोर लावू. आधीच काही सांगायचं असेल, तर माझं दार उघडं आहे."

संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली. वरच्या काकांनी लिफ्टमध्ये ओढलेल्या सिगारेटी कबूल केल्या. समोरच्या वहिनींनी शेजाऱ्यांचा पेपर रोज आधी आपण वाचतो, हे सांगून टाकलं. आरशाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढेना.

"येईल, येईल. जातोय कुठे?" असं म्हणत सेक्रेटरी मिशीतल्या मिशीत हसत जेवायला बसले.

पाण्याचा पेला ठेवता ठेवता बायकोने हळूच विचारलं, "अहो, ती डिस्क पुन्हा बिघडवता येते का?"