आत्याचं उरलेलं हसू

भाच्याचं काम थरारपटांचे ट्रेलर बनवण्याचं. नव्या ट्रेलरच्या शेवटी त्याने आत्याचं खळखळतं हसू घातलं, आणि ते मधेच कापून पडदा काळा केला.

"पुरं का नाही रे ठेवलंस?"

"पुरं हसलीस तर घाबरणार कोण? उरलेलं लोक मनातच ऐकतात."

ट्रेलर बघायला घरातले झाडून सगळे बैठकीत जमले. स्वतःचंच हसू ऐकून आत्या खो खो हसत सुटली, आणि नेमक्या त्याच जागी तिचा आवाज तुटला. तोंड उघडं, पोट गदगदतंय, आवाज मात्र नाही. नक्कल समजून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात आतल्या रिकाम्या खोलीतून उरलेलं हसू आलं.

आत्याने डोळे पुसले. "आत कोण आहे रे?" ती कौतुकाने म्हणाली. "अगदी माझ्यासारखंच हसतंय की!"