दावा फक्त फणसाचा

"लिहून देता?" मुन्सफसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"एकदा काय, दहादा देतो," आप्पा खोत म्हणाले. "राहीनं आमच्या वाघजाईच्या पायांवर हात ठेवून सांगावं, की फणस तिच्या घोवानं लावला. सांगितलंन, तर झाड तिचं. मी दावा सोडला."

आप्पांचे वकील रावजी मिशीतल्या मिशीत हसले. डावच तसा होता. पावसजवळच्या त्यांच्या गावात वाघजाईच्या देवळाची किल्ली आप्पांच्या जानव्याला असे. राही महारवाडीतली. तिच्या सात पिढ्यांनी देवीला हात जोडले ते वीस हात लांबून, पिंपळाखालून. शपथ घ्यायची तर आत यायला हवं, आणि आत तर येता येत नाही. शपथ नाही तर फणस नाही. इतका सोपा न्याय रत्नागिरीच्या कोर्टात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तसा दावा सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. राहीचा मुलगा महिपत मुंबईच्या गिरणीतून गावी आला आणि एका सकाळी त्यानं आप्पांच्या बांधावरच्या काप्या फणसाला कुंपण घातलं. झाड आमचं, बापानं लावलेलं, म्हणाला. आप्पांनी राही-महिपतवर दावा लावला. महिपतनं ना कागद दाखवला, ना साक्षीदार आणला. तडजोडीला मात्र कधी तयार झाला नाही. आज तर मुन्सफांपुढं हात जोडून म्हणाला, "आमच्या शपथेवर खोतांचा भरवसा नाय. तर कसली शपथ चालंल, ती त्यांनीच सांगावी."

आणि आप्पांनी ती सांगितली होती.

"बाई, घेता अशी शपथ?" मुन्सफांनी विचारलं.

राही दाराशी बसली होती. प्रत्येक तारखेला ती सात कोस चालत येई आणि तिथंच बसे.

"घेते," ती म्हणाली.

रावजींची मिशी जागच्या जागी थांबली.

बैलगाडीत बसल्यावर ते म्हणाले, "आप्पा, ती हो म्हणाली."

"ऐकलं. मी बहिरा नाही."

"म्हणजे कोर्टाच्या हुकमानं ती गाभाऱ्यात येणार. आणि बोलावलंत तुम्ही."

"तुम्ही वकील ना हो माझे? मग काहीतरी करा!"

रावजींनी केलं. पुढच्या तारखेला त्यांनी नवा अर्ज दिला. कायद्याप्रमाणे अशा शपथेचा तिसऱ्या कोणाला उपसर्ग होता कामा नये. इथं तो देवीला होतो. सबब शपथ रद्द व्हावी.

मुन्सफांनी अर्ज दोनदा वाचला.

"देवीची हरकत आहे?"

"आहे, साहेब."

"तिचं वकीलपत्र आहे तुमच्याकडे?"

"नाही, साहेब."

"मग ती कळवील तेव्हा बघू. देवळात कोणी जावं, कोणी जाऊ नये, हा प्रश्नच कोर्टापुढं नाही. दावा फक्त फणसाचा आहे. वादीला शपथ नको असेल तर त्यानं दावा काढून घ्यावा."

दावा काढणं आप्पांच्या जिवावर आलं. फणस गेला असता तेही एक वेळ चाललं असतं. पण खोत एका म्हातारीला भ्यायला, हे पावसपासून संगमेश्वरापर्यंत लोकांनी चवीनं सांगितलं असतं. तरी देवळाची काळजी होतीच. गावकऱ्यांची बैठक बसली.

"देवीच्या तोंडावर लुगडं टाकूया," एकानं सुचवलं.

"मग ती देवीपुढची शपथ कशी होईल?" रावजी म्हणाले.

"आप्पानू, पोराच्या मुंजीचं आवतान देताना तुमी दहादा इचार करताव," भागोजी गुरव म्हणाला. तोच देवीची पूजा करायचा. "आनि ह्ये आवतान एकदम लेखी?"

शेवटी ठरलं, की शपथ होऊ द्यावी आणि लगेच शुद्धी करावी. गोमूत्राचे दोन हंडे भरून ठेवले. एक पुरला असता, पण भागोजी म्हणाला, असूं दे.

ठरल्या दिवशी कोर्टाचा कारकून सखाराम कागदांची पेटी घेऊन आला. सोबत एक पोलीस होता. सगळा गाव अंगणात उभा होता. महारवाडी पिंपळाखाली उभी होती.

राही न्हाऊन, धुवट लुगडं नेसून आली. महिपतनं तिचा हात धरला होता. पायरीशी ती थांबली, वाकली, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेली.

आप्पा खांबाला टेकून बघत राहिले. फणस आपल्या आजोबांनी लावला, हे त्यांना लख्ख माहीत होतं. ही बाई आता देवीच्या पायांवर हात ठेवून खोटं बोलणार, झाड घेऊन जाणार. त्या लोकांना कसली आलीय पापाची भीती! मग देवी तिचं काय करायचं ते करील. तेवढ्यापुरता तरी आप्पांचा देवीवर गाढ विश्वास होता.

राहीनं दोन्ही हात देवीच्या पायांवर ठेवले. मग डोकं ठेवलं. मग डोकं वर करून देवीच्या तोंडाकडं बघत बसली. सखारामानं तीनदा खाकरून पाहिलं.

"बाई, शपथ."

"हां, हां."

तो सांगत गेला तसं ती म्हणत गेली. देवीच्या पायांवर हात ठेवून खरं तेच सांगेन, खोटं सांगणार नाही.

सखारामानं टाक दौतीत बुडवला. "आता सांगा. बांधावरचा फणस कोणी लावला?"

"खोतांच्या आजानं," राही म्हणाली. "आमचा तो कदीच नव्हता. अजून काय इचारायचं असंल तर सावकाश इचारा, सायबा. मी हितंच बसलंय."