दोरीतला कोपरा

शिट्टी हेस्टरच्या कोटाच्या खिशात होती आणि तिच्याभोवती हेस्टरची मूठ आवळलेली होती. शिट्टी तिच्या नवऱ्याची, एनॉकची. हयात असताना तो पोरांच्या सामन्यांना रेफरी असायचा. आज मैदानावर मौन सुरू झालं की ती फुंकायची, असं ठरलं होतं. तिची शिट्टी ऐकली की उभ्याने सामना बघणारी सगळी बाजू शिट्ट्या मारून हुर्यो उडवणार होती. रग्बी क्लबचा अध्यक्ष क्लेमंट ऑग्डन मेला होता, आणि हॉलमरॉइड गाव त्याला असा निरोप देणार होतं.

बुडता क्लब त्याने तारला, असं निम्मं गाव म्हणे. उरलेलं निम्मं त्याच्या नावाने थुंके. शेजारच्या किर्कशॉशी, त्या पांढऱ्या जर्सीवाल्यांशी, आपला क्लब जोडायला तो निघाला होता. ते फसलं. मग त्याने जुनं मैदानच विकलं. तिथे आता मोठं दुकान आहे.

हॉलमरॉइडची रग्बीवेडी माणसं मेल्यावर जुन्या मैदानाच्या गोलखांबांमागच्या गवतात जात. एनॉकची राखही तिथेच पसरली होती. हेस्टरने त्या गवतात क्रोकसचे कंद पुरले होते. थंडी सरताना वर येणारी बोटभर फुलं, क्लबच्या जर्सीसारखी पिवळीधमक. कंद विकणाऱ्याच्या चुकीने त्यांत एक पांढरं आलं.

“किर्कशॉचा फितूर!” धाकटा दीर सेप ओरडला होता. “उपट त्याला, वहिनी.”

“राहू दे. एनॉकला भांडायला कुणीतरी हवंच की.”

मैदान विकल्याची बातमी फुटली त्याच आठवड्यात लोक तिथे गेले, तर बाकी सगळं जागच्या जागी होतं. खांबांमागचा तेवढाच तुकडा खणलेला. नुसता काळा खड्डा. मेल्याने सुरुवात आमच्या मेलेल्यांपासून केली, असं बायका रडत म्हणाल्या. सभेत हेस्टरने उभं राहून विचारलं, “आमची माणसं कुठे आहेत?”

“त्यांची सोय केली आहे,” ऑग्डन म्हणाला. “नव्या मैदानावर या, दाखवतो.”

“सोय म्हणे! कचऱ्याच्या गाडीत घातली असेल!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि लोकांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. नव्या मैदानावर पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ हेस्टरने त्याच सभेत घेतली. ती आजवर पाळली.

मंगळवारी ऑग्डनची बायको डोरीन हेस्टरच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहाला तिने हात लावला नाही.

“हेस्टर, त्यांची राख मैदानावर पसरायची आहे. तू एक भजन म्हणशील?”

चॅपलमध्ये हेस्टरने वरचा सूर लावला की पाद्रीबाबाही पुस्तक मिटून ऐकत, हे डोरीनला ठाऊक होतं.

“कुठे पसरणार? मधोमध?”

“नाही. टोकाच्या कोपऱ्यात. त्यांनीच सांगून ठेवलंय.”

“कोपऱ्यात? एवढा मोठा माणूस आणि कोपऱ्यात कशाला?”

“येऊन बघ ना एकदा.”

हेस्टरला यात काळंबेरं दिसलं. मेल्यावरही हा माणूस काहीतरी डाव टाकतोय. ती म्हणाली, “येईन. गाईन.” चॅपलमध्ये ती कधी खोटं बोलत नसे. पण हे स्वयंपाकघर होतं.

गेल्या रविवारी पाद्रीबाबांनी संशयी थॉमसची गोष्ट सांगितली होती. त्यांच्या नेहमीच्या रीतीने, गात गात. येशू मेलेला पुन्हा उठला हे त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, म्हणणारा थॉमस. ध्रुवपद हेस्टरनेच धरलं होतं. गाताना डोळे भरून आले, पण मनात ती थॉमसच्याच बाजूची होती. बरोबरच होतं त्याचं. ऑग्डनसारखी माणसं असतात जगात.

आणि आज शपथ मोडून ती इथे, नव्या मैदानावर होती. सेप तिला हाताला धरून कोपऱ्याकडे नेत होता.

“बघ, कोपऱ्याभोवतीची दोरी सोडलीय आज,” तो कुजबुजला. “एरवी ऑग्डन इथे कुणाला फिरकू देत नसे. पुढच्या विक्रीसाठी राखलेली जागा, दुसरं काय! सामन्याआधी इथे एकटाच उभा राहायचा तो, टोपी काढून.”

“कशाला?”

“मापं घेत असणार.”

डोरीन अस्थिपात्र छातीशी धरून उभी होती. तिने हेस्टरकडे पाहिलं आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. समोर काळ्या-पिवळ्या मफलरींची गर्दी होती. सगळ्यांचे डोळे हेस्टरवर होते. रेफरीने हात वर केला. मैदान गप्प झालं.

हेस्टरने शिट्टी बाहेर काढली. ओठांना लावली. एवढ्या माणसांच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून तिने खाली पाहिलं.

गवताचा तेवढा तुकडा वेगळा होता. भोवतीच्या गुळगुळीत हिरवळीत ठिगळासारखा, जुना, राठ. त्यातून पिवळी क्रोकस वर आली होती, दाटीवाटीने. आणि त्या पिवळ्यांच्या ऐन मध्यावर, खांदे वर काढून, पांढरी. एक होतं त्याची आता चार झाली होती. फितुराचाही संसार वाढला होता.

हेस्टर गुडघ्यांवर बसली. तिने फुलांच्या मुळाशी मातीत बोट घातलं.

सेपने तिच्या खांद्याला धक्का दिला. “वहिनी, अगं वाजव ना! संपेल मौन. सगळे तुझ्याकडे बघतायत!”

“सेप,” ती म्हणाली, “टोपी काढ. आपला एनॉक इथे आहे.”