चष्म्याची परीक्षा

दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ताई आणि मी डोंगराची वाट ठरवत होतो. खग्रास ग्रहण शिखरावरूनच बघायचं, हा तिचा वर्षभराचा ध्यास. ग्रहणाला अजून नऊ दिवस होते.

"आधी चष्मे तपासून घे," ती म्हणाली. "घातल्यावर सूर्याशिवाय काही म्हणजे काही दिसता कामा नये."

मी चष्मा घातला. खिडकी गेली, पेटलेला दिवा गेला, डोळ्यांसमोर धरलेला माझा हातही गेला. मऊ, मिट्ट काळोख.

"झाला का पास?"

मी आवाजाकडे वळलो. त्या काळोखात ताई लख्ख नारिंगी दिसत होती, कानामागे खोचलेल्या पेन्सिलीसकट.

"असा काय बघतोयस?" ती हसली.

तेवढ्यात तिच्या उजव्या खांद्याच्या कडेला एक गोलसर काळी खाच पडली, आणि हळूहळू आत सरकू लागली.