घरातलं एक मत

अतुल गुलालानं माखून दारात उभा होता आणि मोतीरामतात्या खुर्चीतून हलायला तयार नव्हते.

"तात्या, अपना आदमी आ गया! मिरवणूक कोपऱ्यावर आलीय. पहिला हार तुमच्या हातून घालायचं ठरलंय. चला, उठा!"

"गुडघा दुखतोय रे," तात्या म्हणाले.

अतुल चक्रावला. पक्षाचं काम तो तात्यांच्याच हाताखाली शिकला होता. "मग मिरवणूकच दारात आणतो," म्हणत तो ढोलाच्या आवाजाकडं पळाला. तात्यांनी टेबलावरच्या हाराकडं पाठ फिरवली.

अख्ख्या उस्मानपुऱ्यात तात्यांएवढा निष्ठावंत माणूस शोधून सापडला नसता. एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला लागल्यापासून त्यांचा पक्ष एकच. आणि लोकसभेला त्यांनी मत दिलेला उमेदवार पडायचा, हेही दर वेळचं ठरलेलंच. दिल्लीत सरकार कुणाचंही येवो, इथला तात्यांचा माणूस घरी बसायचा. निकालाच्या दिवशी सकाळीच तात्या गुलमंडीच्या बाजारातून झेंडूचा भलामोठा हार आणायचे आणि संध्याकाळी तो मुकाट्यानं खंडोबाच्या फोटोला घालायचे. खंडोबालाही आता त्याची सवय झाली असावी.

गल्लीतली मंडळी त्यांना प्रेमानं पांढऱ्या पायाचा मतदार म्हणायची. तात्याही हसून सोडून द्यायचे. पण यंदा प्रचार संपला त्या संध्याकाळी चहा पिता पिता अतुल बोलून गेला, "तात्या, एक काम करा. या वेळी समोरच्याला मत द्या. म्हंजी आपला आलाच समजा!" सगळे पोट धरून हसले. तात्याही हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनातून जाईना. वय झालं होतं. "एकदा आपला माणूस निवडून आलेला बघू दे, मंग डोळे मिटले तरी चालंल," असं ते अलीकडं उठता-बसता म्हणू लागले होते.

मतदानाच्या दिवशी तात्या यंत्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग काळजावर दगड ठेवून त्यांनी समोरच्या पक्षाचं बटण दाबलं. काचेआड चिठ्ठी आली, तिच्याकडं बघायचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

आणि त्यांचा माणूस आला. थोडक्या मतांनी, पण आला. सकाळपासून टीव्हीसमोर बसलेले तात्या फेरीगणिक खुर्चीत खोल रुतत गेले. जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवशी आपणच परके झालो, याचं त्यांना लई वाईट वाटत होतं.

सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आल्या.

"अवो, हार सुकून चाललाय. जाऊन या की."

"मला नाय जाता येत. म्या त्याला मतच नाय दिलं." तात्या म्हणाले. "समोरच्याला दिलं. वाटलं, माझाच पायगुण वाईट. म्या मत नाय दिलं तर तरी येईल बिचारा. आन् आला बी. आता कोणत्या तोंडानं हार घालू?"

बाई पलंगावर टेकल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हसतीस काय? हितं माझा जीव चाललाय."

"म्या दिलं ना त्याला."

"तू तर दर टायमाला देतीस."

"नाय. यंदाच दिलं." बाईंनी डोळे पुसले. "रूपा पोटात व्हती तवा माझी बैलगाडी वैजापूरकडच्या त्या नाल्यात अडली होती, ध्यानात हाय? दिवस भरलेले, आन् गाडीत पाणी. मंग त्या नाल्यावर पूल बांधला तो समोरच्या पक्षाच्या माणसानं. तवापासून माझं मत त्यांनाच. तुमाला वाईट वाटंल म्हून बोलले नाय. पर यंदा तुमचं ते डोळे मिटायचं ऐकलं आन् ऱ्हावलं नाय. म्हनलं, राहू दे पूल. एकदा यांचा माणूस येऊ दे."

तात्या थक्क झाले. "म्हंजी इतकी वर्सं माझं मत तूच खोडत होतीस?"

"व्हय. आन् यंदा तुमी माझं खोडलं." बाई उठल्या आणि त्यांनी तात्यांच्या पाठीवर हात ठेवला. "या घरातून दर टायमाला एक मत तुमच्या माणसाला जातं. यंदाबी गेलं. उगं जीवाला खाऊ नका."

ढोल दारात येऊन थांबले. "तात्या, हार कुठाय?" अतुल ओरडला. गुलालानं लाल झालेले नवे खासदार उंबऱ्याशी आले आणि त्यांनी हसून मान वाकवली. गल्ली टाळ्या वाजवायला लागली.

तात्या गुडघ्यावर हात रेटून उठले. त्यांनी टेबलावरचा हार उचलला, दाराकडं दोन पावलं टाकली, तिथंच वळले आणि तो सत्यभामाबाईंच्या गळ्यात घातला.

"अवो, सायबांचा हार हाय तो!" बाई लाजून चूर झाल्या. "समदी गल्ली बघतीय!"

खासदार वाकवलेली मान वर करून बघत राहिले. तात्यांनी त्यांना हात जोडले.

"माफ करा सायब. समद्यांनी तुमाला मत दिलं. हिनं मला दिलं."