पाठीखालचे हात

तळ्यावर उन्हाळी पोहण्याचे वर्ग सुरू झाले आणि बावन्नाव्या वर्षी मावशीच्या डोक्यात शिकायचं खूळ शिरलं. शिलाई मशीनवर वाकून वाकून तिची पाठ धरली होती. शिकवायला सख्खी भाचीच होती.

"आज नुसतं तरंगायचं," भाची म्हणाली. "अंग सैल सोड. खाली माझे हात आहेत."

कमरेएवढ्या पाण्यात मावशी डोळे मिटून आडवी झाली. दोन तळवे पाठीला टेकले. कान पाण्यात गेले, तशी काठावरच्या पोरांची आरडाओरड पार लांब गेली. कित्येक वर्षांनी पाठ हलकी वाटली.

"सोडू नकोस हं मला," ती पुटपुटली. तळव्यांनी तिला अलगद वर उचललं.

बऱ्याच वेळाने तिने मान उचलली, तर लांबून टाळ्या ऐकू आल्या.

"शाब्बास, मावशी! मी केव्हाच हात काढलेत. एकटी तरंगतेयस तू!"

भाची काठाजवळ उभी होती. दोन्ही हात वर करून दाखवत होती.

पाठीखालचे तळवे मात्र जागचे हलले नव्हते.

मावशीने घाबरून पाय खाली सोडले. तळ लागला नाही.

"अगं, इतकी आत कशी गेलीस?" भाचीचा आवाज चिरकला. "हलू नकोस, मी आले!"

ती झपाझप हात मारत निघाली, पण दोघींतलं अंतर वाढतच चाललं. मावशीला ओरडायचं होतं, येऊ नकोस म्हणून.

तेवढ्यात पाठीखालची बोटं एकेक करून मिटली आणि त्यांनी तिला घट्ट धरलं.