शिन्पेईच्या नावाचं ताट

"झाकण काढा," कानेयोबाई म्हणाल्या.

तोकुआजी जागची हलली नाही. तिच्या पुढ्यात छोटं ताट होतं, त्यात झाकलेला वाडगा आणि जेवायच्या काड्या. चुलीवर रताळ्याच्या देठांची पेज रटरटत होती. त्या पेजेत शीत शोधावं लागलं असतं. वाडग्यातून मात्र पांढऱ्या भाताचा वास येत होता, आणि त्या वासानं कानेयोबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गल्लीचं रेशन त्याच वाटायच्या. या घरात सासू, सून आणि नात अशा तिघी. तिघींचा सगळा तांदूळ या एका वाडग्यात जात होता.

"मुलाच्या नावाचं ताट आहे," तोकुआजी म्हणाली. "रीत आहे आपली."

"मला शिकवता रीत?"

घरचा माणूस लढाईवर गेला की त्याच्या नावाचं ताट रोज मांडायचं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब आले की माणूस सुखरूप. मग ते अन्न घरच्यांनी वाटून खायचं. आजीचा शिन्पेई आणि कानेयोबाईंचा इसामु एकाच दिवशी, एकाच गाडीनं भरतीला गेले होते. इसामुचं ताट कानेयोबाईंनी कधी चुकवलं नाही. त्याच्या अस्थींची पेटी दारात आली, त्या सकाळीही झाकणाला थेंब होते. त्यांनी ते लाकडी झाकण तसंच चुलीत घातलं.

शिन्पेईची नागोयाजवळची छावणी मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात जळून खाक झाली होती. कित्येकांचं नखसुद्धा सापडलं नाही. सरकारी कागद तेवढा यायचा बाकी होता, गल्ली मनातून समजून चुकली होती. आणि ही म्हातारी अजून ताट मांडत होती! बरं, मांडून वाटून तरी खावं? तेही नाही. ताट घेऊन आतल्या खोलीत जायची, दार ओढून घ्यायची, आणि वाडगा बाहेर यायचा तो चाटूनपुसून लख्ख.

"गेलेल्या पोराच्या नावावर स्वतःचं पोट जाळता? लाज नाही वाटत?"

"तो जिवंत आहे."

"थेंबांनी सांगितलं वाटतं! माझ्याही झाकणाला होते थेंब."

आजीनं मान खाली घातली. कोपऱ्यात सून यासुए बाटलीत तांदूळ भरून काठीनं सडत बसली होती. रेशनचा कोंड्यासकटचा तांदूळ सगळ्याच घरांत असा सडला जाई. पण कानेयोबाई आल्यापासून तिची काठी जास्तच जोरात चालली होती.

"थांबव गं ती ठकठक! स्वतःच्या पोरीकडे बघ जरा. हाडांची मोळी झालीय. तीन महिन्यांत तिच्या तोंडून शब्द ऐकला नाही मी. भुकेनं वाचा बसली तिची!"

पाच वर्षांची नोबु भिंतीला टेकून बसली होती. तिनं आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"आमचं आम्ही बघू," यासुए म्हणाली.

"काय बघणार? तिचं मरण? आई आहेस का कोण आहेस तू? म्हातारी गिळते, आणि तू तांदूळ सडून देतेस तिला!" कानेयोबाई ताडकन उठल्या. "बास झालं. आत्ता चौकीत जाते. घराची झडती घेऊ दे पोलिसांना, काय काय दडवून खाता ते तरी कळेल."

यासुएच्या हातातली काठी थांबली.

"नको," तोकुआजी म्हणाली. तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं नजर खाली वळवली. मग आजीनं दोन्ही हातांनी ताट पुढे सरकवलं. "घ्या. द्या तिला."

"नुसतं आजच नाही. उद्यापासून रोज दुपारी येईन मी. माझ्या डोळ्यांदेखत भरवायचं. एक शीतसुद्धा दुसऱ्या कुणाच्या पोटात जाता कामा नये."

चोरी पकडली गेली होती.

कानेयोबाईंनी नोबुला मांडीवर घेतलं. पोर कापसासारखी हलकी होती. त्या हलकेपणानं त्यांना नव्यानं संताप आला. त्यांनी पहिला घास तिच्या ओठांशी नेला. नोबु आजीकडे बघत राहिली.

"खा," आजी कसंबसं म्हणाली.

नोबुनं घास घेतला. मग दुसरा, तिसरा. मग ती न चावताच गिळू लागली. "हळू गं बाळा, कोणी नेत नाही," म्हणत कानेयोबाईंनी तिच्या हनुवटीवर सांडलेलं शीत बोटानं तिच्या तोंडात सारलं. इसामु गेल्यापासून त्यांनी कुणाला घास भरवला नव्हता.

अर्धा वाडगा संपला आणि नोबुनं तोंड मिटलं.

"पोट भरलं?"

नोबुनं मान हलवली. नाही.

"मग खा की. आता तुला कुणी रागावणार नाही. कुणाची छाती आहे बघू!"

नोबुनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांच्या गळ्यात हात टाकला, तोंड कानाशी नेलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"उरलेला माळ्यावर नेऊन द्याल? बाबांनी खाली यायचं नसतं."